हिस्सा कशातला?



नियोजन म्हटलं की आपली पोरं जांभया देतात. देऊ नका. आपल्या वाट्याचा पैसा त्याच कागदांत गायब होतो.

१९४४ साली टाटा-बिर्ला वगैरेंनी मुंबई योजना मांडली : १५ वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट. दरडोई म्हंजे काय? पाटलाचं आणि त्याच्या सालगड्याचं उत्पन्न एकत्र करून दोनानं भागायचं. झाला सालगडी कागदावर श्रीमंत!

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. शेती सरकारी उद्योग करा, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्या; जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. ते बाजूला पडलं. १९५६ च्या दुसऱ्या योजनेत महालनोबिसांनी पोलाद-यंत्रांवर भर दिला. कारखाने हवेच होते. शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा, हे बाबासाहेब १९१८ पासून सांगत होते. पण जमीन? १ एप्रिल १९५७ ला इथं कूळ मालक झालं, बरं झालं. जो कूळही नव्हता, नुसताच मजूर होता, त्याच्या हाती धुपाटणं. म्हणून तर दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले.

वरून झिरपेल, थांबा, असं सांगितलं गेलं. वरून ओतलेल्या पाण्याला ओंजळ धरणं आपल्याला नवं थोडंच होतं!

१९७९-८० ला विशेष घटक योजना आली. योजनेच्या खर्चातला लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा अनुसूचित जातींसाठी वेगळा काढायचा. विकास कुणाचा, हा प्रश्न सरकारी हिशेबात शिरला. अंमल मात्र सरकारी : सगळ्यांसाठीचा रस्ता करायचा आणि खर्च आपल्या नावावर टाकायचा. दिल्लीत तर या हिश्श्यातले शेकडो कोटी २०१० च्या राष्ट्रकुल खेळांकडे वळवले. संसदेत गाजलं म्हणून कळलं तरी.

मग १ जानेवारी २०१५ ला नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. २०१७-१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजना आणि योजनेतर हा भेदच काढून टाकला. हिस्सा होता योजनेच्या खर्चातला. आता योजनाच नाही, तर टक्का कशाचा काढणार? एक ओळ खोडली, बोंब नाही, मोर्चा नाही. अजून तरतूद दाखवतात, पण ती खात्याखात्याला ठरवून दिलेल्या टक्क्यांवर. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ मध्येच या हिश्श्यासाठी कायदे केले होते.

माहितीचा अधिकार वापरा. आपल्या जिल्ह्याचा या वर्षीचा खर्च मागवा, आणि कुठल्या वस्तीच्या नावावर कुठला रस्ता पडलाय, ते जाऊन बघा.