कॉपी करणारा प्राणी

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

परीक्षेत कॉपी करणं हा गुन्हा, हे तुम्हाला इतकी वर्षं बजावलं गेलं. आज मात्र मी कॉपीचीच बाजू घेऊन उभी आहे. कारण माणूस माणूस झाला, त्यात कॉपीचा वाटा फार मोठा आहे.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते दाखवायचं, पण मधे काही कृती मुद्दाम निरुपयोगी घालायच्या. पेटी पारदर्शक असली, की चिंपांझी त्या कृती गाळत आणि थेट बक्षिसाला हात घालत. तीन-चार वर्षांची आपली मुलं मात्र सगळं जसंच्या तसं करत. वरवर पाहता चिंपांझी शहाणा ठरतो.

पण तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला जा. तिथले स्थपती चोळांच्या काळापासून चालत आलेल्या रीतीने पंचधातूच्या मूर्ती ओततात. नारळाच्या पात्याची पट्टी दुमडून प्रमाणं ठरवायची, मेणाची मूर्ती घडवायची, तिला कावेरीच्या मऊ गाळमातीचे लेप द्यायचे, आच देऊन मेण काढून टाकायचं आणि पोकळीत रस ओतायचा. पहिल्या लेपाला हीच माती का, हे नव्या शिकाऊला ठाऊक नसतं. माती जाडीभरडी निघाली तर पापणीची रेघ धातूत उतरत नाही, हे त्याला पुढे कळतं. कळेपर्यंत त्याने गुरूवर विश्वास ठेवून हात चालवलेला असतो. कुठली पायरी फालतू हे पहिल्याच दिवशी तो ठरवू लागला, तर ही विद्या एका पिढीत बुडेल. एका डोक्यात मावणार नाही इतकं ज्ञान आपण असं पिढ्यान्‌पिढ्या साठवत आलो.

रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९८५ मध्ये मांडलं, की संस्कृतीलाही उत्क्रांती असते. तिथेही वारसा असतो, फरक पडतात, निवड होते. मात्र जनुकं आईबापांकडूनच येतात. चालीरीती गुरूकडून, शेजाऱ्याकडून, परमुलखातून आलेल्या बुवाकडूनही येतात.

हे मी शब्दशः म्हणते. व्यंकोजीराजांपासून तंजावरवर मराठ्यांचं राज्य होतं आणि कुंभकोणम त्याच मुलखात. राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, पण मराठी कीर्तन तिथे वाढतच राहिलं. मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांची कीर्तनं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाला कर्नाटक संगीताची आणि तमिळ कथनाची जोड दिली. त्यातून तिथली हरिकथा उभी राहिली. ओवी, साकी, दिंडी, अभंग हे आपले छंद तमिळ रसिकांपुढे रंगू लागले. सत्ता गेल्यावरही कीर्तन टिकलं, कारण ते बदलायला तयार होतं.

बदल कुठून येतो? वेगळ्या माणसाकडून. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला वाढले. १९०३ च्या सुमारास कार यांचं गणिताचं पुस्तक त्यांच्या हाती आलं. म्हणजे या अलौकिक प्रतिभेलाही दुसऱ्याने जमवलेली शिदोरी लागली. १९०४ मध्ये ते तिथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. पुढे गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झालं आणि शिष्यवृत्ती गेली. १९१८ मध्ये तेच रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकाच मापाने सगळ्यांना मोजणारी व्यवस्था स्वतःच्याच भविष्याचं बियाणं फेकून देत असते. फरकच नसतील, तर निवड करायची कशातून?

एक सावधगिरीही सांगते. उत्क्रांतीचं नाव घेऊन पुष्कळ लोक क्रूरपणाचं समर्थन करतात. ‘जो समर्थ तोच टिकतो’ हा शब्दप्रयोग मुळात डार्विनचा नाही. हर्बर्ट स्पेन्सर यांनी तो १८६४ मध्ये वापरला आणि डार्विनने नंतर उचलला. त्याच डार्विनने १८७१ च्या ग्रंथात लिहिलं, की ज्या टोळीतली माणसं एकमेकांच्या मदतीला धावतात, ती टोळी इतरांवर मात करते. आणि एखादी प्रवृत्ती आपल्यात जुनी आहे, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. राग जुना आहे, परक्याची भीतीही जुनी आहे. त्यांना आवर घालणारे कायदे आणि शाळा माणसानेच उभ्या केल्या.

तेव्हा मित्रहो, जिथे जाल तिथे आधी मन लावून शिका. जाणत्याचा हात नीट पाहा, त्याला आदराने प्रश्न विचारा. मग जे कालबाह्य आहे ते बदला, आणि का बदललं ते पुढच्याला सांगा. उद्या तुम्ही कुणाचे गुरू, अधिकारी, आईबाप व्हाल. तुमच्या वर्गातल्या, कचेरीतल्या, घरातल्या वेगळ्या मुलाला नापास करण्याआधी एकदा थांबा. काय पुढे न्यायचं आणि काय इथेच थांबवायचं, ही निवड आता तुमच्याकडे आली आहे. ती डोळसपणे करा.