मॉनिटर आधीं कीं ग्राफिक्स कार्ड आधीं?

घरांत चार-पांच वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक असावा, नवा खेळ त्यावर अडखळत चालावा, आणि मुलानें वडिलांपाशीं नव्या ग्राफिक्स कार्डासाठीं हट्ट धरावा, हा प्रसंग हल्लीं पुष्कळ कुटुंबांत घडतो. वडील म्हणतात, एवढी रक्कम एकदम खर्चावयाची, तर तिचें चीज झालें पाहिजे. मुलगा म्हणतो, कार्ड बदललें कीं सारेंच बदलेल. दोघांचेंही म्हणणें रास्त आहे. परंतु तें कार्ड ज्या मॉनिटरसाठीं चित्रें काढणार, त्याकडे दोघांचेंही लक्ष नसतें.

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ठरविणें हें ग्राफिक्स कार्डाचें काम. नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० या हिशेबानें एकंदर २०,७३,६०० पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० या प्रतीच्या पडद्यावर त्यांची संख्या ३६,८६,४०० होते. आणि ‘फोर-के’ म्हणून जो पडदा दुकानांत दिमाखानें मांडलेला असतो, त्यावर ती ८२,९४,४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट असते. शिवाय चित्र एकदां काढून भागत नाहीं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदास साठ वेळां चित्र बदलतो. म्हणजे एका चित्रास साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडासा अधिक अवधि मिळतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची गति गांठावयाची, तर तोच अवधि सातांच्या आंत येतो. कार्डावर भार किती पडावा, हें अशा रीतीनें मॉनिटर ठरवितो.

म्हणून या दोन वस्तूंची जोडी न पाहतां केलेली खरेदी पश्चात्तापाची होते. ६० हर्ट्झच्या जुन्या पडद्यास बलाढ्य कार्ड जोडलें, तर तें सेकंदाला दीडशें चित्रें काढील. पण पडदा साठ वेळांच बदलणार. उलटपक्षीं, जुन्या कार्डापुढें फोर-के पडदा ठेवला, तर खेळ रखडतो. मग रेझोल्यूशन उतरवावें लागतें, आणि त्या पडद्याचे पिक्सेल कायमचे आंखलेले असल्यामुळें चित्र पुसट दिसतें. दाम चौपट स्पष्टतेचे, आणि पदरीं धूसरपणा!

पैसे देण्यापूर्वीं घरींच एक परीक्षा करतां येते. खेळाच्या सेटिंग्जमध्यें जाऊन रेझोल्यूशन खालीं आणावें आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात तें पाहावें. आंकडा चांगला वाढला, तर कार्ड थकलें आहे असें समजावें. तो जागचा हललाच नाहीं, तर बहुधा अडचण प्रोसेसरची आहे, आणि नवें कार्ड घेऊन ती सुटणार नाहीं. ही परीक्षा फुकट आहे. दुकानदारास मात्र ती क्वचितच आठवते.

जुनें कार्ड अगदींच निकामी नसेल, तर आधीं मॉनिटर घ्यावा हें अधिक शहाणपणाचें. चांगला मॉनिटर दोन कार्डांचें आयुष्य पाहतो. शिवाय खेळ एकटा मुलगा खेळतो. पडद्यापुढें वाचावयास मात्र सारें घर बसतें. सत्तावीस इंची पडद्यावर १०८० ओळी असल्या कीं देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या ओबडधोबड दिसतात. १४४० ओळींवर त्या रेखीव होतात. असा पडदा घेतांना त्याची गति कार्डाच्या गतीप्रमाणें बदलते कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. ही सोय एनव्हिडिया कंपनीनें २०१३ सालीं ‘जी-सिंक’ या नांवानें जाहीर केली. परंतु तिच्यासाठीं मॉनिटरमध्यें निराळें यंत्र बसवावें लागे व किंमत चढे. एएमडीच्या ‘फ्रीसिंक’चे मॉनिटर २०१५ सालीं बाजारांत आले, आणि २०१९ च्या जानेवारींत एनव्हिडियानेंही त्या स्वस्त मार्गास मान्यता दिली. या सोयीमुळें सत्तर फ्रेमच काढणाऱ्या मध्यम कार्डाचें चित्रही न फाटतां, न अडखळतां चालतें.

कार्डाची पाळी आली म्हणजे नांवांतील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० ची मूळची आवृत्ति १२ जीबी स्मृतीची होती. २०२३ च्या ४०६० ला आठच जीबी मिळाली. नवें कार्ड वेगवान खरें, पण स्मृति भरली कीं वेगही डगमगतो. विजेचा हिशेब निराळाच. ४०६० ला ११५ वॅट पुरतात, तर २०२२ च्या ४०९० ला ४५० लागतात. तेव्हां पॉवर सप्लाय तेवढा समर्थ आहे कीं नाहीं, आणि कॅबिनेटमध्यें कार्ड लांबीला मावतें कीं नाहीं, हें मोजपट्टी घेऊन पाहावें. लॅमिंग्टन रोडवर जुनीं कार्डेंही मिळतात. त्यांतील २०२२ च्या सप्टेंबरपूर्वींचीं कांहीं ईथर या आभासी चलनाच्या खाणकामांत रात्रंदिवस राबलेलीं असूं शकतात. पंखा वाजतो कीं काय तें ऐकूनच सौदा करावा.

सर्व जुळून आल्यावरही एक चूक राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या खोबणींत न लावतां कार्डाच्या खोबणींत लावावी. डिस्प्लेपोर्टची केबल असल्यास उत्तम. जुनी एचडीएमआय केबल पूर्ण गति वाहून नेईलच असें नाहीं. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदां ६० हर्ट्झवरच चालत राहते. तेव्हां डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्यें जाऊन १४४ हा आंकडा हातानें निवडावा लागतो.