अपुऱ्या कामाची हाक



“सर, माणसाला स्फूर्ती कुठून मिळते हो?” असा प्रश्न कॉलेजातली मुले मला पुष्कळदा विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र असते. नदीकाठ आहे, चांदणे पडले आहे आणि कवीच्या मनात आभाळातून काहीतरी अलगद उतरते आहे. तसे कुणाचे होत असेल, तर होवो बापडे! मला मात्र कलेत काय किंवा संसारात काय, बळ येते ते कुणाचे तरी अपुरे राहिलेले काम पाहून.

कोल्हापूरची एक हकीकत सांगतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथे आनंदराव आणि बाबूराव हे एकमेकांचे भाऊ लागणारे दोन चित्रकार नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. मूळचे मेस्त्री, पण लोक त्यांना ‘पेंटर’च म्हणू लागले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. या दोघा भावांनाही चित्रपटाचे वेड लागले. पण कॅमेरा कुठून आणायचा? आनंदरावांनी तो स्वतःच बनवायचे मनावर घेतले.

आता हा कॅमेरा म्हणजे नुसती भिंग बसवलेली पेटी नव्हे बरे! हाताने दांडा फिरवायचा. पण आतली फिल्म एकसारखी धावून चालत नाही. सेकंदाला सोळाएक वेळा तिने भिंगामागे स्थिर उभे राहायचे, चित्र उमटू द्यायचे आणि झडप मिटलेली असतानाच पुढे सरकायचे. यंत्रात थोडी चूक झाली, की पडद्यावरचे चित्र थरथरलेच म्हणून समजा.

हे काम अर्ध्यावर असतानाच, १९१६ साली, आनंदराव वारले. पाठीशी भाऊ नाही आणि पुढ्यात सुटे भाग! अशा वेळी ते सामान बांधून माळ्यावर टाकणेच सोपे असते. बाबूरावांनी तसे केले नाही. विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन ते पुन्हा कामाला बसले आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लोकांनी पाहिला.

यंत्र हाती आले. त्याने दाखवायचे काय? बाबूरावांनी पौराणिक कथा दाखविल्या, ऐतिहासिकही दाखविल्या. पण १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला आणि शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी पडद्यावर आणला. ज्याचे दुःख गावोगाव रोज दिसत होते आणि म्हणूनच कुणी निरखून पाहत नव्हते, तो माणूस कथेचा नायक झाला. दुसऱ्याचे अपुरे काम हाती घेणाऱ्याची नजर अशी आपोआप आजूबाजूला वळते, असे मला वाटते.

आणि हा धागा तिथेच तुटला नाही. बाबूरावांच्या हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ तर देशाबाहेरही वाखाणला गेला. आनंदरावांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या कपाटात एखाद्या जुन्या गुरुजींनी म्हाताऱ्यांच्या ओव्या उतरून घेतलेली अर्धी वही सापडेल. शेतकरी मित्रांनो, तुमच्याही रानात आजोबांनी घालायला घेतलेला आणि निम्म्यावर राहिलेला एखादा बांध असेल. स्फूर्तीची वाट पाहत बसण्यापेक्षा त्या वहीचे पुढचे पान लिहावे, त्या बांधावर चार पाट्या माती टाकावी. एकदा हात चालू लागले की मनाला उभारी येते, असा माझा अनुभव आहे.

आपले तरी सगळे काम आपल्या हयातीत कुठे पुरे होणार? म्हणून करायचे ते असे नीटनेटके करावे, की मागून येणाऱ्याला ते हाती घ्यावेसे वाटेल.