पाणी जातं कुठे?



शिरूरहून दौंडला आम्ही जातो ते न्हावऱ्यावरून, पारगावला भीमेचा पूल ओलांडून, पुढे चौफुला, पाटस असं. मार्चमधली दुपार होती. आत्याला तिच्या नातीच्या साखरपुड्यासाठी दौंडहून सोलापूरकडच्या गाडीत बसवायचं होतं. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि त्यामागे आमची जुनी मोटार. तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेला टेकला आणि मग एकाएकी खाली आला. मला हायसं वाटलं. दोन-तीन किलोमीटर गेलो नाही तोच बॉनेटमधून वाफांचे लोट निघाले आणि इंजिन बंद पडलं.

काटा खाली का आला, ते नंतर मिस्त्रींनी सांगितलं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणीच संपल्यावर तो कोरडा पडतो आणि खोटं सांगू लागतो. ''साहेब, ताप उतरला नव्हता, थर्मामीटर काखेतून निसटला होता,'' मिस्त्री म्हणाले.

चूक माझीच होती. दोन महिने दर आठवड्याला मी बोअरचं बाटलीभर पाणी ओतत होतो. 'जुनी गाडी आहे, पाणी पितेच,' असं म्हणत होतो. पण मंडळी, मोटार पाणी पीत नाही. रेडिएटर, पंप, इंजिन आणि पुन्हा रेडिएटर असा तो बंद फेरा असतो. वारंवार पाणी घालावं लागत असेल, तर ते कुठून तरी जातंच आहे.

ते शोधायची सोपी युक्ती सांगतो. रात्री गाडीखाली खोक्याचा कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. एसी चालवल्यावर गळणारं स्वच्छ पाणी निरुपद्रवी. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, बोटाला किंचित चिकट लागणारा डाग मात्र कूलंटचा. तो गोडसर असतो आणि विषारीही. कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी पुसून टाका. डाग ज्याखाली असेल तिथे रबरी पाइपांचे जोड, क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक तपासा. गळती वाळल्यावर तिथे पांढरट किंवा रंगीत खपली राहते.

पुठ्ठा कोरडा राहिला तरी निर्धास्त होऊ नका. काही गळत्या इंजिन गरम होऊन दाब वाढल्यावरच दिसतात. मिस्त्री थंड रेडिएटरला हातपंप जोडून दाब भरतात. काटा टिकला नाही की चोर सापडतो. पायाखालची सतरंजी ओली होत असेल, तर हीटरची नळी पाहा. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइल दुधाळ झालं, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या आणि गाडी पुढे दामटू नका.

गळती नसतानाही गाडी तापते. गर्दीत तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा पाहा. वेगात तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा किंवा पंपाचा संशय घ्या. बोअरच्या जड पाण्याचे क्षार, पातेल्याच्या तळाला बसतात तसेच, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात, बहुधा निम्मं-निम्मं, मिसळून घालावं.

आणि टोपणाशी खेळ नको. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. टोपणाने साधारण १ बार दाब राखला, की ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना टोपण फिरवलंत, तर दाब सुटून तेच पाणी उसळून तोंडावर येतं. त्या दिवशी मी हात पुढे केला, तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याने मनगट धरलं म्हणून वाचलो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.

आमच्या गाडीचा खालचा रबरी पाइप क्लिपेजवळ चिरला होता. पाइप काही शे रुपयांचा, पण वाकलेलं हेड सरळ करण्यात माझा महिन्याचा पगार गेला. आत्याची गाडी चुकली, साखरपुडाही हुकला. ती एका शब्दाने बोलली नाही, हेच जास्त लागलं.

आता गाडीत बसण्याआधी ती विचारते, ''पाणी घातलंस का रे?'' मी म्हणतो, ''आत्या, घालावं लागलं नाही.'' तेव्हाच ती दार उघडते.