भौतिकशास्त्राचे उदाहरण अडले म्हणजे
(पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. मुलास किंवा मुलीस गतीच्या नियमांवरील उदाहरण सुटत नाही. घरी विचारावे तर आईवडिलांनी ते शिकलेले नसते; शाळेत विचारावे तर हसे होईल अशी भीती वाटते. मग दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून घेतले जाते. असे वारंवार घडले की, 'विज्ञान आपल्याकरिता नाही' अशी मुलाची समजूत होते. ही समजूत खोटी आहे. आणि तिच्या पायी पुढील शिक्षणाची कितीतरी दारे मूल आपल्याच हातांनी लावून घेते.

मदत अवश्य घ्यावी. परंतु कोणती मदत घ्यावी, हे समजले पाहिजे. उसने उत्तर परीक्षेत उपयोगी पडत नाही. शिकलेली रीत मात्र जन्मभर सोबत राहते.

एक उदाहरण पाहू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी एस. टी. ब्रेक लावल्यावर ४ सेकंदांत थांबते. तिचा वेग सारख्या प्रमाणात कमी झाला, तर तेवढ्या वेळात ती किती अंतर जाईल? मुलाने ७२ चा निम्मा ३६ घेतला, त्यास ४ ने गुणले आणि १४४ मीटर असे उत्तर लिहिले. 'बरोबर उत्तर ४० आहे,' असे सांगून मोकळा होणारा मनुष्य त्यास मदत करीत नाही. खरी मदत करणारा विचारील, "बाळ, हे ७२ किलोमीटर तासाचे की सेकंदाचे?" मग मूल स्वतःच हिशेब करील. ३,६०० सेकंदांत ७२,००० मीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेग २० वरून शून्यावर आला, म्हणून सरासरी १०. आणि ४ सेकंदांत ४० मीटर.

मातांनो आणि पित्यांनो, आपण शाळेत गेला नसाल, तरीही चार प्रश्न आपणास विचारता येतील. दिले काय आहे? विचारले काय आहे? मापे एकमेकांशी जुळतात काय? कोणता नियम लावलास आणि तो येथे का लागतो? सांगता सांगता मूल जेथे अडखळेल, तेथेच त्याची खरी अडचण आहे, असे समजा.

विद्यार्थ्यांनो, गुरुजींकडे जाताना 'काहीच समजत नाही' असे म्हणू नका. आकृती काढा, केलेला प्रयत्न दाखवा आणि 'येथवर आलो, येथे अडलो' असे सांगा. घरी परतल्यावर वही मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवा. मग आकडा बदलून पाहा. ब्रेक तितकाच लागला आणि वेग ताशी ३६ किलोमीटर असला, तर गाडी २ सेकंदांत, १० मीटरवर थांबेल. वेग निम्मा झाला, पण अंतर चतुर्थांश झाले! हे का झाले, याचा शोध घ्या. उतरवून घेणाऱ्यास हा आनंद कधीच लाभत नाही.

आणि 'का?' असे विचारण्यास भिऊ नका. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि विद्वानांनी ते शतकानुशतके मानले. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्या मताचे खंडन केले. १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने हवा नसलेल्या चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबरच खाली पोहोचले. सांगणारा कितीही थोर असो, निर्णय प्रयोगच देतो.

शेवटी, कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांना माझे एक सांगणे आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ वस्तीतील मुलांना द्या. मुलींनाही आग्रहाने बोलवा. मात्र एक नियम पाळा : मुलाची पेन्सिल आपल्या हाती घेऊ नका. उत्तर त्याचे त्यालाच लिहू द्या.