किराण्याची यादी आणि कुटुंबाचे आरोग्य

(मंडळाच्या धारणी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावर शिक्षण, विवाह व हुंडा या विषयांवर पुष्कळ बोलले जाते. परंतु घरोघरी रोज दोन वेळा जे ताटात पडते त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही किराण्याची यादी हा साधा विषय घेतला आहे. दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच घराचे आरोग्य बहुतांशी या यादीवर ठरून गेलेले असते, असे आमचे नम्र मत आहे.

आपण मेळघाटात राहतो. १९९३ साली येथील बालमृत्यूंकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले व तेव्हापासून ‘कुपोषण’ हा शब्द या भूमीला चिकटला. आपल्या घरांतील कोठ्या भरलेल्या असतात, तेव्हा तो शब्द आपला नव्हे असे आपण मानतो. मग आपल्याच घरांत मधुमेह व रक्तदाब का? आणि आपल्या लेकीसुनांच्या अंगात रक्त कमी का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे, हाच याचा अर्थ.

आम्ही पडलो शिक्षक. तेव्हा थोडे गणित करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला सुमारे २००० उष्मांक लागणाऱ्या माणसास धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांस त्यातच अंडी, मांस) ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, असे प्रमाण तीत आहे. मीठ ५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. पाच प्रौढ माणसांच्या घरी तीस दिवसांचा हिशेब करा. धान्य साडेसदतीस किलो, डाळी-कडधान्ये पावणेतेरा किलो, तेल-तूप मिळून चार किलो आणि मीठ अवघे पाऊण किलो! आता प्रत्येकाने आपल्या घरची मागील महिन्याची यादी मनात आणावी. डाळ निम्मी आणि तेल दुप्पट, असे तर नाही ना?

उपाय अवघड नाही. यादी करताना प्रथम डाळी व कडधान्ये लिहावीत, मग धान्य, आणि तेल, साखर, मीठ शेवटी. महिन्याचे तेल पहिल्या तारखेस एका डब्यात मोजून ठेवावे. डबा विसाव्या दिवशी रिकामा झाला, तर तोच घरचा परीक्षक समजावा. बांधीव पुड्यांवर घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. ज्या पुड्यावर मैदा, साखर वा पामतेल आरंभीच दिसेल, तो मुलाच्या हाती देण्यापूर्वी विचार करावा.

भाजीचा प्रश्न निराळा आहे. आठवडी बाजारातून आठ दिवसांची भाजी एकदम आणावी लागते, हे आम्ही जाणतो. तेव्हा पहिले दोन दिवस पालेभाजी, पुढे वांगी, भेंडी, गवार, नंतर टिकाऊ भोपळा, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी मोड आलेली मटकी, असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, उन्हाळ्यात चिवळ ही वऱ्हाडची स्वस्त संपत्ती आहे.

धान्याविषयी एक शब्द. वऱ्हाड हा मूळचा ज्वारी खाणारा प्रांत. ज्वारीची भाकर व तुरीचे वरण ही जोडी अशी की, एकात जे कमी ते दुसरे पुरविते. परंतु आज पाहुण्यांपुढे भाकर ठेवण्यास आपणांस संकोच वाटतो. आणि शेजारचे कोरकू बांधव पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत व खात आले ती कुटकी तर आपण हलके धान्य मानले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. जगाने आदर केला त्या धान्याला त्याच्याच घरी मान मिळू नये काय? आठवड्यातून दोन दिवस कुटकीचा भात वा खिचडी करावी. धान्य अति सडलेले नसावे. कोंड्याबरोबर सत्त्वही जाते.

शेवटी एक कठीण गोष्ट बोलतो. यादी कितीही चांगली केली, तरी घरातील गृहिणी सर्वांमागून जेवणार आणि तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाचे वरण येणार असेल, तर ते सारे गणित फुकट आहे. घरातील वडीलधाऱ्यांनीच ही रीत मोडावी. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि डाळ-भाजी वाढताना तिचे ताट आधी वाढावे. याला खर्च नाही, सरकारी योजनेची वाट पाहणे नाही. पुढील मेळाव्यास ज्या घरांतून ‘आम्ही हे केले’ असा निरोप येईल, ती घरे ज्ञातीचे भूषण ठरतील.