११८ कोटींचा राग



संमेलनाध्यक्षाने मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता करावी, असा रिवाज आहे. आज तो मी पाळणार नाही. मला भांडायचे आहे. ज्यांच्याशी भांडायचे ती माणसे रावेतच्या याच मंडपात बसली आहेत, त्यांत माझे स्नेहीही आहेत.

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. रुपयांत सुमारे ११८ कोटी. तोवर आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत कधी आली नव्हती. त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर आणि साहित्यिकांच्या बैठकांतही मी तीच ती वाक्ये ऐकली. हे तर माझा नातूसुद्धा काढेल. हा सगळा काळ्याचे पांढरे करण्याचा खेळ आहे. एवढ्या पैशांत किती दवाखाने उभे राहिले असते! आणि थोडे हळू आवाजात, काहीशा अभिमानाने: शेवटी माणूस पंढरपुरात जन्मलेला, आपलाच.

या सगळ्या बोलण्यात चित्राविषयी एकही वाक्य नव्हते. त्यात काय रंगवले आहे, हे कुणी विचारले नाही, कुणी सांगितलेही नाही. माझे भांडण आहे ते याच्याशी.

तेव्हा आधी चित्र पाहू. जवळजवळ चौदा फूट रुंद असा हा पट आहे आणि त्यात तेरा चौकटी आहेत. खेड्यातले रोजचे जगणे त्यात मांडले आहे. घरकामात गुंतलेल्या बाया आहेत, आई आणि मूल आहे, बैलगाडी आहे. एक शेतकरी आहे, आणि त्याचा हात स्वतःची चौकट ओलांडून शेजारच्या जमिनीच्या चौकटीत गेला आहे. त्या हातावर जमीन तोलली आहे की जमिनीने त्या माणसाला धरले आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. रावेतकरांनो, हे चित्र तुम्हाला परके वाटायचे काहीच कारण नाही. पवनेच्या काठावर जिथे आज तुमचे वीस-बावीस मजल्यांचे टॉवर आहेत, तिथे एका पिढीमागे हीच माणसे राहत होती. ज्यांची जमीन गेली, त्यांची नातवंडे आज या मंडपात आहेत. आपल्या आजीचे चित्र जगात गाजते आहे आणि आपण फक्त त्याचा भाव विचारतो आहोत.

‘नातू काढेल’ म्हणणाऱ्यांना मी सोडणार नाही. हुसेन यांचा हात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून तयार झाला. लहान मुलांची खेळणी आणि फर्निचरची डिझाइने करून त्यांनी पोट भरले. १९४८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची शिल्पे आणि बसोलीची चित्रे डोळे भरून पाहिली, आणि ‘ग्रामयात्रा’त ती दिसतात: शरीराचा डौल शिल्पांतून आलेला, सपाट तापते रंग पहाडी चित्रांतून आलेले. एवढे पाहून, पचवून, विसरून जेव्हा एखादा माणूस साधी रेघ ओढतो, तेव्हा ती साधी दिसते. तुमच्या नातवाला खरेच तसे काढता येत असेल, तर त्याला रंग आणून द्या. आपण त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवतो ते दहावीला जादा गुण मिळावेत म्हणून. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते.

दवाखान्यांचा मुद्दा तर मला ऐकवतच नाही, कारण तो मांडणाऱ्याने बातमीही पुरती वाचलेली नसते. हे चित्र विकले कोणी? एका रुग्णालयाने! १९५४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या डॉ. लिऑन एलियास वोलोदार्स्की यांनी ते विकत घेतले. १९६४ साली ते ऑस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे गेले आणि पुढची अनेक दशके तिथेच राहिले. विक्रीचा पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाईल, असे जाहीर झाले. म्हणजे चित्रातून दवाखान्याला पैसा मिळाला, तो कुणा दवाखान्याच्या तोंडचा काढून घेतलेला नव्हता. आणखी एक गोष्ट पिंपरीकरांनी लक्षात घ्यावी. त्याच १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्याच मदतीने, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्या वर्षी एका परदेशी डॉक्टरने दिल्लीत एका तरुण चित्रकाराचे काम विकत घेतले. आपल्याकडे तेव्हापासून किती कारखाने आले, किती साहेब आले, किती बंगले झाले! त्यांतल्या किती जणांनी आपल्या काळातल्या जिवंत चित्रकाराचे एक चित्र विकत घेतले? हात वर करा म्हणत नाही. ज्याने त्याने आपल्या घराच्या भिंती आठवाव्यात.

आता काळा पैसा. कलाबाजारात तो असेल, नाही असे मी म्हणत नाही. जिथे वस्तूची किंमत घेणाऱ्याच्या इच्छेवर ठरते, तिथे लबाडीला जागा असतेच, आणि तिच्या चौकशीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण रावेतमध्ये उभे राहून हा आरोप फक्त चित्रांवर करायचा? इथे गुंठ्याचा भाव दहा-पंधरा वर्षांत कुठून कुठे गेला, ते तुम्ही मला सांगायचे. त्या भावावर संतापाने बोलणारा मनुष्य मला भेटलेला नाही. ‘आपण तेव्हाच घेऊन ठेवायला हवे होते’ असे म्हणणारे रोज भेटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतला आयपीएलच्या लिलावात २७ कोटी मिळाले, आणि आपण ते कौतुकाने एकमेकांना सांगितले. शर्यतीच्या बैलाला लाखांची बोली लागली की मावळात आणि चाकणकडे गुलाल उधळला जातो. त्या आनंदाला मी नावे ठेवत नाही. बैल ज्याला कळतो, त्याला त्याची किंमत कळते. माझे म्हणणे इतकेच आहे की जे पाहायला आपण शिकलो, त्याचा भाव आपल्याला पटतो, आणि जे पाहायला शिकलोच नाही, त्याचा भाव ही लूट वाटते. दोष भावात शोधू नका.

हुसेन यांच्या बाबतीत या रागात आणखी एक राग मिसळलेला आहे, आणि तो झाकून ठेवणे मला मंजूर नाही. काही चित्रांवरून झालेल्या वादामुळे २००६ साली ते देश सोडून गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या चित्रांवरून चालवलेले खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही चित्रांनी ज्यांची मने दुखावली, त्यांनी तसे म्हणावे, लिहावे, भांडावे. पण नव्वदी गाठलेल्या चित्रकाराला मायदेशी राहणे अशक्य करायचे आणि पुढे त्याच्या चित्राला भाव आला की ‘पंढरपूरचा आपला माणूस’ म्हणून मान उंच करायची, हे मी चालू देणार नाही. अभिमान हवा असेल तर आधी त्याच्यावर झालेला अन्याय कबूल करा.

आता पुन्हा भावाकडे येतो. मराठी घराला चित्रे कधी परकी नव्हती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि काही वर्षांत तो मळवलीला हलवला. मळवली म्हणजे आपल्या पुणे-लोणावळा लोकलवरचेच स्टेशन. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या घरांत पोचल्या. चित्रकार मुळगावकरांची देवादिकांची कॅलेंडरे आपल्या भिंतींवर होती. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया कितीतरी घरांत फ्रेम करून लावल्या गेल्या. हे सारे आपल्याला मिळाले अंकाच्या किमतीत, कॅलेंडरच्या किमतीत, नाहीतर किराणावाल्याकडून फुकट. ही त्या चित्रकारांची थोरवी. पण त्यातून आपण एक वाईट सवय लावून घेतली: चित्र म्हणजे कशाबरोबर तरी येणारी वस्तू, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायचे नसतात. आज लेखकाच्या पुस्तकाला मुखपृष्ठ करणाऱ्या तरुण चित्रकाराला आपण, म्हणजे आपण साहित्यिक, किती मानधन देतो? किती वेळा ‘नाव छापू’ एवढ्यावर भागवतो? ११८ कोटींवर रागावण्याचा हक्क या व्यवहारातून मिळत नाही.

लिलावातले खरे अन्याय पाहायचे असतील तर मी दाखवतो. डेव्हिड हॉकनी यांचे पोहण्याचा तलाव आणि दोन आकृती असलेले चित्र १९७२ साली १८ हजार डॉलरला गेले आणि २०१८ साली ९ कोटी ३ लाख डॉलरला. त्या २०१८ च्या विक्रीतून चित्रकाराच्या हाती काही आले नाही. आपले तय्यब मेहता घ्या. २००५ साली त्यांचे ‘महिषासुर’ दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. भारतीय समकालीन चित्राने ती रेषा पहिल्यांदाच ओलांडली. तय्यब मुंबईतल्या साध्या फ्लॅटमध्ये राहत होते, आणि ती रक्कम चित्राच्या तेव्हाच्या मालकाची होती. विक्रम चित्रकाराच्या नावावर लागतो, पैसा मालकाच्या खात्यात जमा होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा, असे ते कलम म्हणते. या कलमासाठी आपण एक निवेदन दिले आहे का, एक लेख लिहिला आहे का? काळ्या पैशाची चर्चा सगळ्यांना येते, चित्रकाराच्या हक्काचे कलम कुणाला ठाऊक नसते.

महापालिकेच्या मित्रांनो, आता तुमच्याकडे येतो. शिकागो शहरात सार्वजनिक इमारत बांधताना खर्चाचा ठराविक हिस्सा कलाकृतीवर घालायचा नियम आहे. त्यातून १९९५ साली एका वस्तीतल्या वाचनालयासाठी केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णीय चित्रकाराकडून दहा हजार डॉलरला चित्र करून घेतले गेले. भल्यामोठ्या पुस्तकांसमोर उभी असलेली मुले त्यात आहेत. २०१८ पर्यंत मार्शल यांचे भाव एवढे वाढले की महापौरांनी ते चित्र लिलावात काढायचे ठरवले. कोटी डॉलर येणार होते, वाचनालय मोठे करायचे होते. मार्शल यांनी जाहीर विरोध केला, लोक बोलू लागले, आणि महापौरांना चित्र लिलावातून मागे घ्यावे लागले. लोकांची प्रतिक्रिया म्हणतात ती ही! त्या वस्तीला ठाऊक होते की चित्र आपले आहे, कारण ती मुले तिने येता-जाता पाहिली होती. आपल्याकडे कुणी चित्र विकायला काढले तर आपण त्याला काय म्हणून अडवणार? आधी आपल्या मालकीचे एखादे असायला तर हवे.

आणि हे परदेशातच घडते असे समजू नका. साताऱ्याकडचे औंध, पुण्यातले नव्हे, बहात्तर गावांचे संस्थान. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभे केले. त्यात चित्रकार धुरंधरांची चित्रे आहेत, हेन्री मूर यांचे मायलेकराचे शिल्पही आहे. बहात्तर गावांच्या धन्याला आपल्या काळातली कला घ्यावीशी वाटली. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून आपण कितीतरी वर्षे मिरवलो. ती श्रीमंती कोणत्या भिंतीवर दिसते?

माणसांची चित्रे काढणारे चित्रकार मिळत नाहीत, असे कृपा करून सांगू नका. सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, पुण्यातच डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, उल्हासनगर आणि लोअर परळमधली कष्टकरी माणसे रंगवली. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी नेले, कारण मुंबईबाहेरच्या माणसालाही मूळ चित्र समोर उभे राहून पाहता यावे. अशी माणसे आपल्यात आहेत. आणि रंगवायला विषय? चाकणच्या फाट्यावर पहाटे बसची वाट पाहणारी पहिल्या पाळीची पोरे, कंत्राटावरची, छातीवर ओळखपत्र लटकवलेली. मुकाई चौकात टॉवरच्या सावलीत भाजी विकणारी, एकेकाळी त्याच जमिनीची मालकीण असलेली बाई. ही माणसे आज कुणी रंगवली नाहीत, तर पन्नास वर्षांनी त्यांचे काहीच उरणार नाही, विकायलाही नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी इथे ठराव मांडतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेने यापुढच्या प्रत्येक नव्या शाळेच्या, रुग्णालयाच्या, वाचनालयाच्या बांधकाम खर्चातील एक टक्का रक्कम जिवंत चित्रकार-शिल्पकारांच्या कामावर खर्च करावी. फ्रान्सने असा नियम १९५१ साली केला, तेव्हा तो देश महायुद्धातून नुकता सावरत होता, हे खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. प्रत्येक करारात चित्रकाराचा पुनर्विक्रीतला वाटा लिहिलेला असावा. पहिले चित्र पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात लागावे, जिथे रांगेत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांना पाहायला वेळ असतो. आणि कारखान्यांतून आलेल्या साहेबांनी आपल्या संचालक मंडळापुढे हाच ठराव न्यावा.

अनुमोदनासाठी ज्यांना उभे राहायचे आहे, त्यांनी उभे राहावे. ज्यांचा विरोध आहे, त्यांनी माईकवर येऊन बोलावे. मी भाषण इथेच थांबवतो आणि खुर्चीत बसून त्यांचे शेवटपर्यंत ऐकतो.